कर्करोग झालेल्या कुत्र्याचे पथ्यपाणी



कुत्रा नाही असे गाव तुम्हांला शोधूनही सापडायचे नाही. खळ्यावर राखणीला कुत्रा, मेंढरांच्या वाड्यावर कुत्रा, आणि शाळेच्या पडवीत मुलांच्या डब्यातल्या कोरभर भाकरीची वाट पाहत बसलेला तोही कुत्राच. रात्री आपण डोळे मिटतो ते त्याच्या भरवशावर. परंतु हाच राखणदार आजारी पडला, अंगावर गाठ आली, त्यातून रक्त गळू लागले, की आपली नजर बदलते. "कुत्र्याला कसलं आलंय औषध? द्या सोडून माळावर," असे कोणीतरी म्हणते आणि बाकीचे माना डोलावतात. मग माश्या बसतात, अळ्या पडतात, आणि ते मुके जनावर हाल होऊन मरते. खेदाची गोष्ट अशी की यांपैकी पुष्कळ कुत्री बरी होण्यासारखी असतात. म्हणून आज कर्करोग झालेल्या कुत्र्याची देखभाल, विशेषतः त्याच्या पोटाची आणि खाण्याची काळजी, हा विषय आपण घेऊ.

कर्करोग म्हणजे काय ते प्रथम थोडक्यात पाहू. शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. पेशी जुन्या होतात, मरतात, नव्या येतात. सगळे मोजून-मापून चालते. एखादी पेशी हा हिशेब मोडते आणि बेसुमार वाढू लागते. शेतात तण माजावे तसे ते आहे. खत-पाणी पिकाचे, वाढ तणाची.

कुत्र्यांना अनेक तऱ्हेचे कर्करोग होतात, पण आपल्याकडच्या मोकाट व अर्धवट पाळीव कुत्र्यांत एक फार आढळतो. तो बहुधा जननेंद्रियावर होतो, कधीकधी नाकात किंवा तोंडात. फुलकोबीच्या गड्ड्यासारखी लालसर, ठिसूळ गाठ येते व तिच्यातून थेंब थेंब रक्त गळते. लोकांना वाटते कुत्री माजावर आली असेल, किंवा कुत्र्याला कोठेतरी लागले असेल. या रोगाची गंमत, गंमत कसली, नवल म्हणा, असे की तो जंतूने पसरत नाही. समागमात, चाटण्यात, हुंगण्यात रोगी कुत्र्याची जिवंत कर्कपेशीच दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर जाऊन रुजते. आपण आंब्याचे कलम करतो ना, अगदी तसे! १८७६ साली नोविन्स्की नावाच्या रशियन पशुवैद्याने ही गाठ एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर लावून दाखवली होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणे हे कलम आशियात, सुमारे ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी, एकाच कुत्र्यात सुरू झाले आणि पुढे जगभर पसरले. तो मूळ कुत्रा केव्हाच मेला; त्याच्या रोगाच्या पेशी मात्र आजही जिवंत आहेत.

येथे दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. हा रोग माणसाला लागत नाही. आणि हा रोग बहुतेक कुत्र्यांत बरा होतो.

तो बरा करणारे औषध कोठून आले ठाऊक आहे? तुमच्या परसातल्या सदाफुलीतून. मूळची मादागास्कर बेटावरची ही वनस्पती आता आपल्या तुळशीवृंदावनाशेजारी बारमाही फुलते. तिच्यापासून व्हिन्क्रिस्टीन नावाचे औषध काढतात. माणसांच्या कर्करोगावर ते १९६३ पासून वापरात आहे, आणि कुत्र्यांच्या या गाठीवरही तेच चालते. जनावरांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा ते शिरेतून देतात. साधारणपणे चार ते सहा आठवड्यांत गाठ विरून जाते. काहींना थोडे अधिक आठवडे लागतात. मात्र "औषध आपल्या दारातच आहे" म्हणून सदाफुलीचा पाला वाटून पाजाल तर घात होईल. तो पाला विषारी आहे. औषधाचे प्रमाण कुत्र्याच्या वजनावरून अगदी बारकाईने ठरवावे लागते, आणि शिरेबाहेर एक थेंब सांडला तरी आतले मांस जळते. म्हणून हे काम डॉक्टरांचेच.

मग आपले काम कोणते? आपले काम आहे त्या कुत्र्याला चार-सहा आठवडे खाते-पिते ठेवण्याचे. अनेकदा उपचार अर्ध्यावर सुटतो तो येथेच. दुसऱ्या इंजेक्शननंतर कुत्रे खाणे सोडते, ओकते, मलूल पडते. धनी म्हणतो, "औषधानंच मरायला लागलंय, पुरे झालं." इंजेक्शन थांबते, आणि अर्धी विरलेली गाठ पुन्हा डोके वर काढते. औषध रोग मारते. पण औषध सोसण्याचे बळ अन्नातून येते. आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

पोट का बिघडते ते समजले म्हणजे पथ्य आपोआप समजेल. आतड्याचे अस्तर आतून मखमलीसारखे असते. भाताच्या रोपवाटिकेत रोपे दाटीने उभी असावीत, तसे बारीक बारीक कोंब तेथे असतात व ते अन्नरस शोषतात. हे अस्तर दर थोड्या दिवसांनी नवे होते, म्हणजे तेथल्या पेशी भराभर वाढतात. आता कर्करोगाचे औषध ओळखते कोणाला? भराभर वाढणाऱ्या पेशीला. ती गाठीतली की आतड्यातली, हा भेद त्याला पुरता कळत नाही. तण मारताना चार रोपेही करपतात, त्यातलाच हा प्रकार. म्हणून मळमळ होते, जुलाब होतात. शिवाय व्हिन्क्रिस्टीनमुळे आतड्याच्या नसा मंदावतात आणि काही कुत्र्यांना उलट बद्धकोष्ठ होतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. इंजेक्शननंतर साधारण चौथ्या ते नवव्या दिवशी त्यांची संख्या सर्वांत खाली येते आणि त्या काळात साधा जंतूसुद्धा भारी पडतो.

आतड्यात आणखी एक मोठी वस्ती असते, ती उपकारक जंतूंची. विरजणातले जंतू जसे दुधाचे दही करतात, तसे हे जंतू भाजीपाल्यातला न पचणारा चोथा आंबवतात. त्यातून जी सौम्य आम्ले तयार होतात त्यांवर मोठ्या आतड्याच्या पेशी पोसतात. ही वस्ती उजाड झाली की पोट लवकर सावरत नाही. म्हणूनच जुलाब दिसताच घरात उरलेली जंतुनाशक गोळी कुत्र्याच्या घशात घालू नये. ती गोळी शत्रूबरोबर मित्रांनाही मारते. आणि उपचार सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून जंताचे औषध मात्र अवश्य द्या. गावातल्या पुष्कळ कुत्र्यांच्या पोटात आकडीजंत असतात. ते आतड्याला चिकटून रक्त पितात. रांजणाला भोक असताना पाणी भरण्यात काय अर्थ?

आता प्रत्यक्ष खाण्याकडे वळू. पहिला प्रश्न, किती द्यावे? हिशेब सोपा आहे; गुरुजनांनी तो वर्गातही घालावा. कुत्र्याच्या वजनाच्या किलोंना ३० ने गुणा आणि त्यात ७० मिळवा. पंधरा किलोचे कुत्रे असेल तर ४५० अधिक ७०, म्हणजे ५२० उष्मांक. नुसते पडून राहायला त्याला एवढे लागतात. थोडे हिंडणे-फिरणे धरून याच्या सव्वा ते दीडपट, म्हणजे ६५० ते ७८० उष्मांक, रोज पोटात गेले पाहिजेत.

आता हे घरच्या अन्नात कसे बसते ते पाहा. शिजलेला मऊ भात २०० ग्रॅम, त्याचे सुमारे २६०. दोन उकडलेली अंडी, त्यांचे १४०. हाडे काढून उकडलेली कोंबडी १५० ग्रॅम, तिचे २४०. शिजवून कुस्करलेला लाल भोपळा १०० ग्रॅम, त्याचे २५. वर एक लहान चमचा तेल, त्याचे ४५. बेरीज झाली ७१०. भाताऐवजी पाऊणशे ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी चालेल. ती कोमट पाण्यात चांगली भिजवून, कुस्करून द्यावी. कुत्रा मांसाहारी खरा, पण माणसाच्या संगतीत राहून तो शिजलेले धान्य पचवायला शिकला आहे. पिष्ट पचवणाऱ्या रसाचा जनुक लांडग्यापेक्षा कुत्र्यात अधिक प्रती करून असतो, हे स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिले. तेव्हा भाकरी त्याला वर्ज्य नाही; नुसती भाकरी मात्र पुरत नाही. कर्करोगात अंगावरचे मांस झडते आणि ते भरून काढायला अंडी, मासे, मांस यांतली प्रथिने लागतात. ज्या घरी मांस शिजत नाही तेथे अंडी किंवा पनीर द्यावे. जोडीला मूगडाळ गाळ शिजवून घालावी. कोकणातल्या मंडळींनी बांगडा किंवा तारली उकडून, काटा न् काटा काढून द्यावी. त्यांतली चरबी अंगातला दाह थोडाफार कमी करते. खारवलेली सुकी मासळी नको, तिच्यात मीठ फार. हा घरगुती आहार महिनाभराहून अधिक चालवायचा असेल, तर त्यात चुना म्हणजे कॅल्शियम व जीवनसत्त्वे यांची भर कशी घालावी ते डॉक्टरांना विचारावे. मांस-भातात ती पुरेशी नसतात.

दुसरा प्रश्न, कसे द्यावे? एकदाच पाटीभर ओतू नका. दिवसाचे चार वाटे करा. अन्न किंचित कोमट द्या; वास सुटला की जीभ हलते. कडू गोळी त्याच्या आवडत्या अंड्यात कोंबू नका. एकदा का त्याच्या मनाने घेतले की अंडे म्हणजे कडू, तर पुढे ते अंड्याकडे ढुंकून पाहणार नाही. तोंड दाबून बळेच भरवू नका. घास श्वासनळीत जाण्याची भीती असते, आणि अन्नाचा तिटकारा बसतो तो वेगळाच. पाणी स्वच्छ, ताजे आणि सावलीत ठेवा. जी दोन-तीन दिवसांची मळमळ असते तिच्यासाठी डॉक्टर ओकारी थांबवणारे औषध देतात. ते मागून घ्या. मागण्यात संकोच कसला?

जुलाब होत असतील तर दोन दिवस मऊ भात, उकडलेली कोंबडी आणि भोपळा एवढेच. तेल-तूप बंद. भोपळ्याचा चोथा पातळ शौच बांधतो आणि घट्ट शौच सैल करतो, असा दोन्हींकडे उपयोगी पडतो. बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टरांना विचारून थोडे इसबगोल भरपूर पाण्यात भिजवून अन्नात मिसळता येते. दही द्यावे का? पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही, त्याने जुलाब होतात. ताजे, गोडसर दही एक-दोन चमचे बहुधा सोसते. मात्र पांढऱ्या पेशी कमी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर त्या दिवसांत दहीसुद्धा त्यांना विचारूनच. आणि कच्चे मांस, कच्चे अंडे तर त्या दिवसांत मुळीच नको. पोट सावरायला दह्याची थोडी मदत होते; कर्करोग दह्याने बरा होत नाही.

आता काय देऊ नये ते ऐका. आपल्याकडे सर्वांत मोठी चूक होते ती उरलेल्या कालवणाची. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. गाठीतून आधीच रक्त गळत असलेल्या कुत्र्याला हे दुहेरी संकट. द्राक्षे, बेदाणे व मनुका मूत्रपिंडे बिघडवतात. चॉकलेट विषारी आहे. शिजवलेली हाडे टोकदार फुटतात व आतडे फाडतात. माणसांच्या अंगदुखीच्या गोळ्या जठराला व्रण पाडतात, मूत्रपिंडे व यकृत खराब करतात. आणि तूप? नामदेव महाराज कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ती भूतदया अंगी बाणवावी. वाटीभर तूप मात्र आजारी कुत्र्याला घालू नये. एकदम पुष्कळ स्निग्ध खाल्ले तर स्वादुपिंडाला सूज येते, आणि तो आजार प्राणावर बेततो.

आणखी एक समज हल्ली खेड्यापर्यंत पोहोचला आहे. "कर्करोग साखरेवर जगतो, म्हणून भात-भाकरी तोडा, उपाशी ठेवा, रोग आपोआप मरेल," असे लोक सांगतात. यात खऱ्याचा एक कण आहे. कर्कपेशी साखर अधिक खातात, हे ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकातच दाखवले होते. पण खाणे तोडल्याने अंगातली साखर संपत नाही. यकृत स्वतः ती बनवते, आणि त्यासाठी मोडते अंगावरचे मांस. तण मरावे म्हणून सगळ्या शेताचे पाणी तोडले तर आधी काय वाळेल? पीकच ना? उपाशी कुत्र्याचे तसेच होते. त्याचप्रमाणे हळद, गोमूत्र किंवा कोणताही पाला खाऊ घालून ही गाठ बरी होत नाही. त्या नादात आठवडे जातात आणि गाठ वाढत राहते.

घरी एक वही ठेवा. घरातली शाळकरी पोर हे काम हौसेने करील. रोज किती वाटे खाल्ले, किती वेळा ओकले, शौच कसे झाले, हे तीन रकाने पुरेत. आठवड्यातून एकदा वजन घ्या. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकट्याने उभे राहा, आणि वजाबाकी करा. पंधरा किलोचे कुत्रे साडेतेरावर आले तर दहावा हिस्सा गळाला असे समजा, आणि पुढच्या इंजेक्शनची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. एक पूर्ण दिवस काहीच खाल्ले नाही, दिवसात तीनपेक्षा अधिक वेळा ओकले, शौच काळे किंवा रक्ताचे झाले, अथवा चौथ्या ते नवव्या दिवसात कुत्रे एकाएकी गळून गेले, तरी तसेच करा. ताप पाहायचा तर डॉक्टरांकडून शिकून घेऊन थर्मामीटरने पाहावा. साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट हे कुत्र्याचे नेहमीचेच तापमान आहे. नाक ओले की कोरडे यावरून ताप कळत नाही.

इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस त्याच्या मलमूत्रातून औषध बाहेर पडते. ते उचलताना हाताला प्लॅस्टिकची पिशवी किंवा मोजे घाला, नंतर हात धुवा. लहान मुलांनी व गरोदर बायकांनी ते काम करू नये.

सर्वच कर्करोग या गाठीसारखे सोपे नाहीत, हेही सांगायला हवे. कुत्रीच्या सडांतल्या गाठी वेळीच शस्त्रक्रियेने काढाव्या लागतात. हाडाचा किंवा प्लीहेचा कर्करोग पुष्कळदा हाताबाहेर गेल्यावरच कळतो. तेथे अन्नाचा हेतू बदलतो. तेथे आकडेमोड बाजूला ठेवावी. तो आनंदाने खाईल ते, सोसेल ते, थोडे थोडे द्यावे. दुखणे कमी करणारे औषध डॉक्टरांकडून घ्यावे. आणि आवडीचा घाससुद्धा तो नाकारू लागला, उठणेही होईना, तर पुढे काय करावे हे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. बळेच भरवून त्याचे दिवस वाढत नाहीत, हाल मात्र वाढतात.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलांना सांगा, रक्त गळणाऱ्या कुत्र्याला दगड मारू नका आणि हातही लावू नका, मोठ्यांना कळवा. दुखणाईत कुत्रे चावू शकते, आणि पिसाळण्याचा रोग जीवघेणा आहे. म्हणून गावातल्या प्रत्येक कुत्र्याला त्याची लस हवीच. गावसभेत सांगा, की नसबंदी केलेली कुत्री एकमेकांत हे कलम फारसे लावू शकत नाहीत. एका कुत्र्याचा उपचार म्हणजे एका कुत्र्याची सुटका. गावातल्या कुत्र्यांची नसबंदी म्हणजे साऱ्या कळपाची.

राखणदार उभा राहावा असे वाटत असेल, तर आठवड्याचे इंजेक्शन चुकवू नका आणि रोजचे चार वाटे चुकवू नका. दवाखाना तालुक्याला आहे. चूल तर आपल्या घरातच आहे.